मासे वाचले आणि तीन टेबलं रिकामी बसली

त्या दिवशी मासे वाचले. कुणाला वाटेल मग चांगलंच झालं की, पण मी प्रशिक्षणात जो मासेमारीचा खेळ खेळवतो त्यात मासे वाचत नाहीत हो, जवळजवळ कधीच नाही. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत (खेळातलं वर्ष, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं) समुद्र रिकामा होतो, लोक दोष एकमेकांवर ढकलत हसत असतात, मग मी समुद्रात उरलेल्या माशांच्या साठ्याचा ग्राफ पडद्यावर लावतो आणि हसणं थांबतं. माझं पुढचं सगळं शिकवणं त्या थांबण्यावर उभं असतं. यावेळी ते आलंच नाही, आणि जे आलं त्याचं काय करायचं ते अजून डोक्यात बसत नाहीये म्हणून लिहितोय.

खेळ थोडक्यात असा. सहा टीम, प्रत्येक टीम म्हणजे एक मासेमारी कंपनी. जहाजं सारखी, कॅश सारखी. दरवर्षी चिठ्ठीवर लिहून द्यायचं की किती जहाजं खोल समुद्रात, किती किनाऱ्यालगत, किती बंदरात बांधून. नवीन जहाज मागवता येतं, दुसऱ्या टीमकडून घेता येतं, पण भंगारात काढता येत नाही आणि बांधून ठेवलेल्या जहाजालाही खर्च लागतो. मी आकडे लॅपटॉपवर टाकतो, निकालाची शीट परत. मूळ खेळ अमेरिकन संशोधक डेनिस मेडोज यांचा, १९८० च्या दशकातला, आम्ही त्यात बरीच ओढाताण करून आपला केलाय.

लोकांना वाटतं या खेळात सगळी गोम लोभाची. तसं नाहीये, गोम दोन रेषांत आहे. पहिली रेषा माशांच्या वाढीची. मासे फार कमी असले तर पिल्लं कमी, आणि समुद्र गच्च भरलेला असला तरी वाढ कमीच, कारण जागा आणि खाणं पुरत नाही. सगळ्यात जास्त वाढ होते साधारण निम्म्या साठ्याला. म्हणजे सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुम्ही पकड वाढवत जाल तसा समुद्र खरंच जास्त देत जातो, आणि लोकांचा समज पक्का होतो की आपलं बरोबर चाललंय. दुसरी रेषा जास्त लबाड. साठा कमी होत गेला तरी एका जहाजामागे मिळणारी मासळी बराच काळ तेवढीच राहते, कारण जाळं टाकणारा मासे असतील तिथेच जातो, मोकळ्या पाण्यात कोण जाईल. मग एका वर्षी धाडकन खाली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या बाबतीत हेच झालं, ट्रॉलरच्या (जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या जहाजांच्या) पकडीचे आकडे चांगले दिसत होते म्हणून साठा आहे त्यापेक्षा मोठा धरला गेला, आणि जुलै १९९२ मध्ये मासेमारीच बंद करायची वेळ आली, ३०,००० च्या आसपास लोकांचा रोजगार गेला. ही दुसरी रेषा आमच्या शीटमध्ये नीट बसवायला माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्यात. फार आधी कोसळली तर लोक लगेच शहाणे होतात, फार उशिरा कोसळली तर खेळ संपतो. तिचा मला अभिमान आहे, आजवर कुणी त्याबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही ही गोष्ट वेगळी.

बॅच मिश्र होती, काही सरकारी अधिकारी, काही कंपन्यांचे लोक, काही संस्थांमधली तरुण मंडळी. आयोजकांची नेहमीची मागणी, दीड तासात आटपा आणि शेवटी तीन मुद्द्यांची स्लाईड द्या. भांडून अर्धा दिवस मिळवला होता.

तिसऱ्या वर्षानंतर मी वाटाघाटी ठेवतो. सहा टीमचे प्रतिनिधी एका टेबलावर, करार करायचा असेल तर करा, नाहीतर राहू दे. माझं स्पष्ट मत झालंय की जितका मोठा हुद्दा तितका करार वाईट. ह्या लोकांनी बहुतेक वेळ प्रस्तावनेवर घालवला, पुढच्या पिढ्या वगैरे, आणि वेळ संपत आल्यावर घाईघाईत ठरलं की प्रत्येकाने एक तृतीयांश जहाजं बंदरात ठेवायची. तपासणार कोण, मोडलं तर काय, हे कुणी तोंडातून काढलंच नाही. सामायिक साधनं लोक कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय की लोकांना नुसतं आपसात बोलू दिलं तरी बराच फरक पडतो, आणि दंडाची पद्धत त्यांची त्यांनी ठरवून घेतली तर आणखी खूपच. पण दंड म्हटलं की खोलीतल्या प्रत्येकाला वाटतं आपल्यावर संशय घेतला.

पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या आणि सगळ्यात जोरदार भाषण ठोकलेल्या साहेबांच्या टीमची सगळीच्या सगळी जहाजं खोल समुद्रात. शीटवर मी समुद्रातल्या जहाजांची एकूण संख्या आणि एकूण पकड छापतो, टीमनिहाय नाही. त्यामुळे कुणीतरी गंडवलंय हे सगळ्यांना कळतं, कुणी ते फक्त मला. त्या वर्षी पकड जरा घसरली तर सहाही टीमनी हवामानाला दोष दिला, खेळात हवामान थोडं वरखाली होतंच, पण त्या वर्षी ते चांगलं होतं.

आता चौथ्या टीमच्या मॅडम. आयुष्यभर हिशेबाच्या कामात असलेल्या, दिवसभरात फार बोलल्या नव्हत्या. मी टेबलांवरून फिरताना पाहिलं तर त्यांनी नियमांच्या कागदाच्या मागे तीन रकाने आखले होते, सगळ्यांची मिळून पकड, सगळ्यांची मिळून जहाजं आणि भागाकार. बाकी पाचही टेबलांवर फक्त स्वतःच्या कॅशचा हिशेब चालला होता. त्यांचा भागाकार चांगल्या हवामानात घसरला होता आणि त्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. मला म्हणाल्या, "सर, भंगारात काढता येत नाही, पण दुसऱ्याचं विकत घेऊन बांधून ठेवलं तर चालेल ना?" नियमात बसत होतं. चालेल म्हणालो.

त्यांच्या टीमने सुरुवातीपासून एकही नवीन जहाज मागवलं नव्हतं, त्यामुळे कॅश पडून होती. पाचव्या वर्षी खरी घसरण आली, नवीन जहाजं मागवून बसलेल्या टीम कर्जात गेल्या, आणि ह्या बाई शांतपणे टेबला-टेबलावर गेल्या. भाव पहिल्यांदा अर्धा, मग पाव. कुणाशी हुज्जत नाही, फक्त कागद पुढे ठेवायच्या की पुढच्या वर्षी हे जहाज तुम्हाला किती कमावून देईल आणि बांधून ठेवायला किती लागेल ते तुम्हीच लिहा. तीन टीमनी दोन वर्षांत सगळी जहाजं विकली, बाकी दोन टीमकडे एखाद-दुसरं उरलं. घेतलेल्यातली बरीचशी मॅडमनी बंदरात बांधून ठेवली, थोडी समुद्रात पाठवली. आठव्या वर्षी साठा वर यायला लागला, दहाव्या वर्षी जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे पुस्तकात दाखवतात तसा. आयोजक इतके खूश की ग्राफसमोर उभं राहून फोटो काढले.

मी मात्र बाकीची टेबलं बघत होतो. जहाजं विकलेल्या तीन टीमना सातव्या वर्षानंतर चिठ्ठीवर लिहायलाच काही नव्हतं. दोन टेबलांवर मोबाईल बाहेर आलेले, तिसऱ्यावरचे लोक खुर्च्या उलट्या फिरवून दुसऱ्यांचा खेळ बघत बसलेले.

डिब्रीफला, म्हणजे खेळानंतरच्या चर्चेला, मी नेहमीप्रमाणे साठ्यापासून सुरुवात केली आणि त्या तिसऱ्या टेबलावरच्या एका मुलाने मधेच थांबवलं. "सर, आम्ही शेवटची तीन वर्षं काय केलं ते तुमच्या शीटवर कुठे आहे?" नव्हतंच. शीटवर त्यांच्या ओळीत जहाजं शून्य, मासे शून्य, बँकेत थोडे पैसे, बस. तो म्हणाला, जहाजांवर माणसं असतील ना, ती कुठे गेली? मॅडम म्हणाल्या, "अरे बाळा, मी घेतली नसती तर सगळ्यांचीच गेली असती." तो म्हणाला, हो, पण मग किती मासे पकडायचे ते आता एकट्या तुम्हीच ठरवणार. त्यावर त्या म्हणाल्या, सगळे मिळून ठरवत होतात तेव्हा काय केलंत? साहेबांनी तेवढ्यात पाण्याची बाटली उघडली.

मी आइसलँडचं उदाहरण दिलं, कारण हा प्रकार तिथे खराखुरा झालाय. तिथे १९९० च्या कायद्याने मासेमारीचे कोटे, म्हणजे ठरावीक मासे पकडायचे हक्क, मुक्तपणे विकता येऊ लागले, आणि पुढे ते मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे गोळा होत गेले. कोटा नसलेल्या दोन मच्छीमारांची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेली आणि २००७ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. तरी शिस्तीत चालणाऱ्या मासेमारीचं उदाहरण म्हणून आइसलँडचंच नाव घेतात. हे सांगून झालं तर दोन्ही बाजूंनी आपलीच बाजू सिद्ध झाल्यासारख्या माना डोलावल्या.

मला हे सतावतंय कारण ग्राफवर माझा आक्षेप काहीच नाही. साठा टिकला, पैसा आला, शीट जे मोजते त्यात ह्या बॅचला पैकीच्या पैकी. आणि खोली मात्र दोन गटांत फुटून जेवायला गेली. आंध्र प्रदेशात भूजलाचा असाच खेळ गावकऱ्यांसोबत खेळवला होता, जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं की कमी हे दर फेरीत ठरवायचं, नंतर गावाची बैठक, आणि जिथे खेळ झाला त्या गावांत पाण्याची नोंदवही आणि नियम ठेवण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण तिथे खेळणारे लोक खेळ संपल्यावरही त्याच विहिरींवर राहतात. आमच्याकडे जहाज विकलेला माणूस सर्टिफिकेट घेऊन घरी जातो.

माझा सहकारी (मॉडेल तो सांभाळतो, फार हुशार, पण माणूस दिसला की त्याला समीकरण जड झाल्यासारखं वाटतं) म्हणतो, खेळ माशांचा आहे, माशांपुरता ठेव, जहाजावरची माणसं घातलीस तर कोसळण्याचा धडा धुऊन निघेल. मी नवीन नियम लिहिलाय की जहाजं विकली तरी टीमचं मत राहतं, दरवर्षी एकूण किती मासे पकडायचे ह्यावर सहाही टीमनी मतदान करायचं. तो म्हणाला, मग ती मतंही विकतील. विकू देत की, मताला काय भाव लागतो तेच मला बघायचंय.

चाचणीला याल का म्हणून मॅडमना नियम पाठवले होते. येते म्हणाल्या, आणि खाली विचारलंय, विकत घेतलेलं मत दरवर्षी वापरलंच पाहिजे का, की बांधून ठेवता येईल?