क्लोव्हरचे कुरण आणि रखडलेला अहवाल

हंगामाच्या सुरुवातीलाच क्लोव्हर या द्विदल चाऱ्याचे कुरण दाट व्हावे आणि जनावरांना लवकर चरायला मिळावे, एवढाच माझा हेतू होता. मशागत आणि पेरणी यांत काही अडले नाही. अडले ते माती परीक्षणाच्या अहवालापाशी, आणि त्याचा राग अजून ओसरलेला नाही.

नमुना मी पेरणीच्या चार महिने आधी दिला होता. अर्जातील ‘पीक’ या रकान्यात ‘कुरण’ लिहिले म्हणून तो परत आला. दुसऱ्या खेपेस ‘क्लोव्हर’ लिहिले, तर ते नाव यादीत नसल्याचे खिडकीवर सांगण्यात आले. अखेर ‘द्विदल चारा’ या नावाने अर्ज स्वीकारला गेला आणि मग दर खेपेला ‘पुढच्या आठवड्यात या’ एवढेच उत्तर मिळत राहिले. कंटाळून मी अहवालाविनाच पेरणी उरकली, ही चूक मात्र माझी. अहवाल हाती आला तेव्हा तीन पानांवर आलेली रोपे पिवळी पडू लागली होती. सामू (pH) 5.1, म्हणजे माती आम्ल, आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी. आम्लता घटवायला चुना लागतो. चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून तो पेरणीच्या बराच आधी मातीत मिसळावा लागतो. उभ्या पिकावर फेकलेला चुना मुळांपर्यंत लवकर उतरत नाही.

काही रोपे मुळांसकट खणून धुतली, तर मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी मोजक्याच होत्या आणि त्याही आतून पांढऱ्या. हवेतला नत्र (नायट्रोजन) रोपासाठी स्थिर करणारी गाठ आतून गुलाबी असते. आम्ल मातीत हे जिवाणू नीट तग धरत नाहीत, आणि थंड मातीत आधीच मंदावलेले रोप नत्राविना तिथेच थांबते.

पुढच्या हंगामासाठी तोच जुना अहवाल प्रमाण मानला, कारण त्या खिडकीवर पुन्हा जाण्याची माझी तयारी नव्हती. चुना वेळेत मिसळला, बियाण्याला क्लोव्हरसाठीचेच जिवाणू संवर्धन सावलीत चोळले (हरभऱ्याचे इथे उपयोगी पडत नाही) आणि त्याच दिवशी सुमारे 1 सेंटिमीटर खोलीवर पेरले. सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत आम्लधर्मी असल्याने ते या बियाण्यात मिसळू नये. एक सांगायचे राहिले: मातीचा नमुना एकाच जागेचा नको, शेतभर ठिकठिकाणची माती एकत्र करून द्यावी.

त्या वर्षी गाठी गुलाबी निघाल्या. पाने ओढल्यावर रोप उपटून न येता पानेच तुटू लागली, तेव्हा मी जनावरे आत सोडली. मात्र कोवळ्या क्लोव्हरने होणाऱ्या पोटफुगीच्या भीतीने आधी त्यांना सुका चारा घातला.