सॅन हुआनचा भात आणि ब्रोशरमधलं हिरवं पान

मी क्रूझ शिपवर शोर एक्सकर्शन डेस्कला काम करते. जहाज ज्या बंदरात लागतं तिथे उतरून पाहुण्यांनी काय करायचं, ते विकायचं काम. घरच्यांना वाटतं मी कॅरिबियन फिरते. बहुतेक बंदरं मी धक्क्यावरूनच बघितलीयेत, हातात नंबराची पाटी धरून (आम्ही तिला लॉलीपॉप म्हणतो) आणि छातीला स्टिकर न लावलेल्या लोकांना शोधत. कधीतरी एखाद्या टूरला एस्कॉर्ट म्हणून पाठवतात, म्हणजे डोकी मोजायची, मागे राहणाऱ्यांना हाकायचं आणि परत येऊन रिपोर्ट लिहायचा. ही गोष्ट अशाच एका टूरची आहे, आणि होऊन बरेच दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाहीये.

फ्लोरिडाहून निघालं की पहिला सी डे असतो, म्हणजे बंदर नाही, दिवसभर नुसता समुद्र, आणि त्या दिवशी आमच्या डेस्कसमोर रेशनच्या दुकानासारखी रांग. त्यात एक काकू. आमच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो, तो वाचून त्यांनी सरळ मराठीत सुरुवात केली. "मराठी येतं का गं?" म्हटलं, वसईची आहे काकू. मग त्यांनी आडनाव वाचलं. "म्हणजे ख्रिश्चन. बरं झालं, तुला खाण्यातलं सगळं कळत असेल." यात टोमणा होता की कौतुक ते मला अजून कळलेलं नाही.

काका-काकू पुण्याचे, मुलगी न्यू जर्सीत, तिनेच ही क्रूझ काढलेली, सोबतही आलेली. पोर्तो रिकोच्या सॅन हुआनला काय करायचं हा प्रश्न. काकांना खाडीपलीकडे काटान्योला रमची डिस्टिलरी बघायची होती, ते काकूंनी ऐकूनही घेतलं नाही. एल युंकेचं जंगल, तर काकूंचे गुडघे. एल मोरोचा किल्ला मी दाखवला, 1539 ला बांधायला घेतलेला, समुद्रावर तोफा रोखून बसलेला, युनेस्कोच्या यादीतला. त्यावर काका, "किल्ले आमच्याकडे कमी आहेत का." शेवटी काकूंनीच बोट ठेवलं, जुन्या शहरातली चालत करायची फूड टूर. तीन तास, चार-पाच ठिकाणी थोडं थोडं खायचं. "जहाजावर सगळं एकाच चवीचं लागतं, इथली माणसं घरात काय खातात ते बघू दे मला." आणि टूरच्या नावापुढे हिरवं पान होतंच. म्हणजे शाकाहारींची सोय आहे.

या टूरबद्दल माझं प्रामाणिक मत सांगते, डेस्कवर असं कोणी बोलत नाही. चालत खायची टूर घ्यायचीच असेल तर कॅरिबियनमध्ये सॅन हुआनसारखं बंदर नाही. जहाज जुन्या शहराला जवळपास चिकटूनच लागतं, बसमध्ये तास घालवावा लागत नाही, जहाजाचा जिना उतरलात की दहा मिनिटांत गल्लीत. आता तीच टूर बाहेरून स्वस्तात मिळते का, तर बऱ्याचदा मिळते. मग आम्ही सांगतो की जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःहून गेलात तर थांबणार नाही. हे खरं आहे, पण लांबच्या बीचवर किंवा जंगलात जाताना त्याला अर्थ आहे. जिथून जहाजाची चिमणी दिसते तिथून परत यायची भीती विकणं मला तरी पटत नाही. हां, हिवाळ्यात पोर्तो रिकोचं घड्याळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं आणि त्यात लोक गोंधळतात, तेवढं बघायचं. बूट मात्र नीट हवेत. तिथले रस्ते निळसर विटांचे आहेत, लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या, आणि एक सर पडली की बुळबुळीत. आणि पोट रिकामं ठेवून या म्हणून मी घसा कोरडा करते तरी लोक जहाजावरचा फुकटचा ब्रेकफास्ट दाबून येतात आणि दुसऱ्या स्टॉपला ताटाकडे बघवत नाही त्यांना.

काकूंना मी विचारलं, अंडं चालतं का? नाही. कांदा-लसूण? चालतो. टूर ऑपरेटरला दोन दिवस आधी आकडा आणि पथ्यपाणी कळवावं लागतं. काकूंचं मी त्याच दुपारी ईमेलने पाठवलं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. उत्तर एका ओळीचं आलं, शाकाहारी पाहुण्यांचं स्वागत, काही प्रॉब्लेम नाही. लेखी. आणि नशीब असं की एस्कॉर्ट म्हणून माझंच नाव लागलं.

पहिल्याच स्टॉपला कॉफी आणि मायोर्का. कॉफी तिथल्या डोंगरातली, 2017 च्या मारिया वादळात या बागा झोपल्या होत्या, गाइडने ते फार छान सांगितलं. मायोर्का म्हणजे गोगलगाईसारखा गुंडाळलेला गोड पाव, वर पिठीसाखर, आणि पिठातच अंड्याचा पिवळा बलक सढळ. मी गाइडकडे बघितलं, तो हसून म्हणाला, व्हेज आहे की, मांस नाही यात. काकूंनी नुसती कॉफी प्यायली आणि पाव काकांच्या बशीत गेला. काकू शांत होत्या. माझंच डोकं तापायला लागलं होतं.

गाइड वाईट नव्हता हे आधी लिहून ठेवते. ही मुलं टिपांवर जगतात. गिऱ्हाइकाला "नाही" म्हटलं की टीप गेली, म्हणून त्यांच्या तोंडात "नाही" येतच नाही, आणि आमच्या ब्रोशरमध्ये हिरवं पान लावणारा माणूस कुठल्यातरी ऑफिसात बसून फक्त एवढंच बघतो की ऑपरेटरने फॉर्मवर "हो" ला टिक केलीये का. दोन "हो" मिळून एक पान.

दुसरा स्टॉप मोफोंगो. हिरवी केळी तळून पिलोन नावाच्या लाकडी खलबत्त्यात लसूण, मीठ, तेल घालून कुटायची आणि त्यातच डुकराच्या चामडीची कुरकुरीत तळणी. काकूंसाठी ती वगळून कुटलं, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं, पण सोबतच्या वाटीत रस्सा कोंबडीचा होता. मी वाटी उचलून बाजूला ठेवली. काकूंनी केळ्याचा गोळा कोरडाच खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे."

तिसऱ्या ठिकाणी भात आला. आरोस कोन गांदुलेस, पोर्तो रिकोत नाताळ याच्याशिवाय होत नाही. गांदुलेस म्हणजे तूर. आपली तूर, डाळ न करता अख्खे दाणे, गुलामांच्या काळात आफ्रिकेमार्गे तिकडे पोचलेली. काकूंनी एक दाणा बोटावर घेऊन दाबला, चाखला आणि मुलीला म्हणाल्या, "अगं ओली तूर आहे ही!" सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. वर तिथल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी पातेल्याच्या बुडाची खरवड काढून दिली. तिकडेही त्यावरून भांडणं होतात, तिला पेगाओ म्हणतात. तेलात परतलेली, कडेला काळपट, मोडली की आवाज येणारी. काकूंनी ती हातात घेऊन खाल्ली.

मी तोवर आत स्वयंपाकघराच्या दारात. माझी स्पॅनिश मोडकीतोडकी आहे, पण विचारण्यापुरती येते. भातात मांस आहे का? बाई म्हणाली, नाही नाही, मांस नाही. मग हसत पुढे म्हणाली, थोडंसं हॅम, चवीला. सोफ्रितोसोबतच परततात. सोफ्रितो म्हणजे कांदा, लसूण, गोडसर मिरची आणि रेकाओ नावाचं उग्र कोथिंबिरीसारखं पान वाटून केलेलं वाटण, तिथल्या निम्म्या स्वयंपाकाचा पाया. तुकडे इतके बारीक की विरघळून जातात. ती काही लपवत नव्हती. तिच्या हिशोबाने हॅम म्हणजे मांस नव्हतंच, मीठ जसं असतं तसं.

मी बाहेर आले तर काकूंचं ताट रिकामं. दुसऱ्यांदा मागितला होता म्हणे.

मी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा चेहरा पडला, मग एकदम म्हणाली, "सांगू नका तिला. प्लीज. सत्तर वर्षांत कधी नाही आणि आता माझ्यामुळे, तिला झोप लागणार नाही. झालं ते झालं." मी मान डोलावली. तेव्हा मला ते खरंच पटलं होतं. माझ्या घरी नाताळाला डुकराचं इंदियाल होतं, ज्या गोष्टीला माझी आई वर्षभर जपून पैसे बाजूला ठेवते ती गोष्ट कुणाच्या झोपेवर उठू शकते हे मला कळतं, पण आतून समजतं असं छातीठोक नाही म्हणता येत. त्यात मी ठरवणारी कोण?

पण पुढे चढावर काकूंनी माझा दंड धरला, गुडघ्यांमुळे, आणि चालता चालता सरळ विचारलं. "तू आत कशाला गेली होतीस गं? काही होतं का त्यात?"

खोटं बोलता आलं असतं. दोन सेकंद तयारीपण केली. मग डोक्यात आलं की ही बाई वसईच्या ख्रिश्चन पोरीचा हात धरून विचारतेय, कारण तिला वाटतं हिला कळतं. म्हटलं, "हो काकू. हॅम होतं थोडं. मला तुमचं खाऊन झाल्यावर कळलं."

"खरवडीत पण?"

"हो."

त्यांनी माझ्याकडची पाण्याची बाटली घेतली, भिंतीपाशी जाऊन चूळ भरली, दोनदा. काका म्हणाले, "आता पोटात गेलं ते गेलं, चला." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचा स्टॉप येईस्तोवर काका बोललेच नाहीत. शेवटी तेंब्लेके होतं, नारळाचं दूध आणि कॉर्नस्टार्चची थंडगार खीर थापल्यासारखी, वर दालचिनी. काकूंनी गाइडला विचारलंच नाही. मला म्हणाल्या, आत जाऊन बघून ये. मी गेले, पाकीट वाचलं, नारळाचा डबा वाचला, येऊन सांगितलं. मग त्यांनी खाल्लं, पूर्ण.

रात्री मुलीने फीडबॅक भरला. एस्कॉर्टने सांगितलेलं पाळलं नाही, आईला विनाकारण मनस्ताप दिला. सुपरवायझरने बोलावलं. त्याचं म्हणणं, खाण्याचा प्रश्न गाइडचा आहे, तू डोकी मोजायला गेली होतीस. मी म्हटलं अ‍ॅलर्जी असती तर? तो म्हणाला अ‍ॅलर्जी वेगळी, त्याचा फॉर्म वेगळा. म्हणजे शेंगदाण्याने अंगाला सूज आली तर फॉर्म आहे, सत्तर वर्षं पाळलेलं मोडलं तर नाही. मुलीचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. तिने आईला वर्षभर आधीपासून स्वप्न दाखवून आणलं होतं, आणि मी तिच्यासमोर मान डोलावून अर्ध्या तासात फिरले.

परतीच्या सी डेला काकू डेस्कला आल्या. मला वाटलं आता चांगलं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "आधी नीट का नाही विचारलंस?" मी ईमेल दाखवला. चष्मा लावून वाचला त्यांनी, ऑपरेटरचं उत्तरपण. "हे तू 'मांस नाही' असं लिहिलंस. ते लोक म्हणतात मांस नाहीच. मग?" आणि गेल्या. राग होता का, समजावणं होतं, माहीत नाही.

तेव्हापासून मी ईमेलमध्ये एकेक नाव लिहिते. हॅम नाही, डुकराची चरबी नाही, कोंबडीचा रस्सा किंवा त्याची वडी नाही, अंडं नाही, खाली तेच स्पॅनिशमध्ये: सिन हामोन, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो, सिन उएवो. अशी यादी पाठवल्यावर ऑपरेटरचं उत्तर पहिल्यांदा तीन ओळींचं आलं. असं असेल तर कॉफी, मोफोंगो (रस्सा आणि चामडी सोडून) आणि तेंब्लेके एवढंच देता येईल, भात नाही. मी ते घेऊन सुपरवायझरकडे गेले, म्हटलं ब्रोशरमध्ये पानाखाली एवढं तरी छापू या. तो म्हणाला मजकूर हेड ऑफिसचा असतो, आणि तीन पदार्थांसाठी एवढे पैसे कोण भरणार.

मी म्हटलं, काकूंनी भरले असते.