पंच नसलेला शनिवार

शाळेच्या कबड्डी संघाला शिकवायला लागलो तेव्हा खिलाडूवृत्तीवर माझं एक ठरलेलं भाषण होतं. शपथसुद्धा घ्यायला लावायचो. पोरं घसा फाडून शपथ घ्यायची आणि दहा मिनिटांत ‘लागलाच नाही!’ म्हणून भांडायची.

एका सामन्यात आमच्या १४ वर्षांखालच्या संघातल्या मुलाला चढाईपटूचा हात लागलेला मला स्पष्ट दिसला. गडी जागचा हलेना. नंतर त्याला झापलं, तर म्हणाला, ‘सर, तुम्हीच सांगितलंत ना, पंचांनी दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही.’ सांगितलं होतं खरं. त्या दिवसापासून भाषण बंद.

मग शनिवारचा सराव पंचाशिवाय सुरू केला. ज्याला लागलं त्यानं स्वतः हात वर करून बाहेर जायचं. वाद झाला तर ती चढाई पुन्हा. पहिल्या शनिवारी खेळ कमी आणि कालवाच जास्त. सगळे माझ्याकडे बघायचे, मी झाडाकडे बघायचो. (फार अवघड गेलं, शिट्टी खिशातच होती.) तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाद घटले, कारण परत परत चढाई करून तेच दमायला लागले. खोटं बोलणाऱ्याला आपल्या बाजूला घ्यायलाही कुणी तयार होईना.

गोष्टी सांगायचो, पण हरलेल्यांच्या. १९८० साली वानखेडेवर इंग्लंड ५ बाद ५८ होतं. पंचांनी बॉब टेलरला झेलबाद दिलं, तर कर्णधार विश्वनाथनं त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं १७१ धावा जोडल्या आणि आपण १० गडी राखून हरलो. ‘मग चूकच केली ना त्यानं?’ एक जण म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. अर्धा तास त्यांचंच जुंपलं. तेवढं माझ्या कुठल्या भाषणानं कधी झालं नव्हतं.

पुढच्या तालुका स्पर्धेत आमच्या कोपरारक्षकानं हात वर केला. पंचांना दिसलंच नव्हतं. एका गुणानं हरलो. एका पालकांनी मला बाजूला घेऊन चांगलंच सुनावलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही ते पटत होतं. बसमध्ये पोरं त्या कोपरारक्षकाशी बोलत नव्हती. वडापावच्या गाडीपाशी बस थांबली, तेव्हा कप्तानानं त्याच्यासाठी एक जास्तीचा घेतला.

शनिवार अजून चालू आहे. वाद फक्त बोनसचा, म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडल्याच्या जादा गुणाचा, उरलाय: मागचा पाय हवेत होता की नव्हता, हे ज्याचं त्यालाही कळत नाही.