मिलवॉकीतले पोस्टमन आणि मंगळवार पेठेतले काका

अमेरिकेतल्या मिलवॉकीहून गाडीनं उत्तरेला निघालं की अर्ध्या तासात ग्राफ्टन लागतं. छोटं, शांत गाव. नदीकाठी एका जुन्या कारखान्याच्या पायाचे थोडे दगड उरलेत आणि शेजारी माहितीचा फलक आहे. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, त्यातल्या गिटारच्या वेडापायी जगभरातली माणसं हे दगड बघायला येतात.

इथं पॅरामाउंट कंपनीच्या रेकॉर्ड निघायच्या. मालक होती विस्कॉन्सिन चेअर कंपनी, म्हणजे मूळ धंदा खुर्च्यांचा. फर्निचरवाले म्हणून ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या करू लागले आणि पेटीबरोबर खपतील म्हणून १९१७ पासून रेकॉर्डही काढू लागले. पुढं १९२२ पासून त्यांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळी मालिका सुरू केली. शिकागोच्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि पंचाहत्तर सेंटची रेकॉर्ड टपालानं पाठवायची. या धंद्यापायी मिसिसिपीच्या कापसाच्या रानातले गिटारवाले एवढ्या लांब थंडीच्या मुलखात आले. चार्ली पॅटन, सन हाउस आणि विली ब्राउन १९३० साली इथं एकत्र येऊन गायले. स्किप जेम्स १९३१ च्या फेब्रुवारीत आला. मंदीत कंपनी बसली आणि १९३२ ला ध्वनिमुद्रण बंद पडलं. ज्यावरून रेकॉर्ड छापतात ते धातूचे साचे जवळपास सगळे गेले. कामगारांनी उरलेल्या रेकॉर्ड नदीत भिरकावल्या असं गावात सांगतात. २००६ साली पाणबुडे उतरवून शोध घेतला, हाती काही लागलं नाही.

मंडळी, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पॅटनचं किंवा स्किप जेम्सचं जे गाणं आज आपण मोबाइलवर ऐकतो, ते कुणाच्या तरी घरात खाटेखाली, माळ्यावर, उंदरांच्या तावडीतून वाचलेल्या एखाद्या रेकॉर्डवरून उतरवलेलं आहे. कंपनीनं काही जपलं नाही. जपलं ते नादखुळ्या माणसांनी, आणि त्यांनी ते एकमेकांना दिलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

मी मूळचा कोल्हापूरचा, काम फाउंड्रीतलं. शिरोलीतून निघालो आणि कास्टिंगच्याच कामावर मिलवॉकीत येऊन पडलो. इथल्या नोकरीविषयी, बर्फाविषयी, किराणा मालाविषयी पूर्वी लिहून झालंय. या नादाविषयी लिहायचं कधीपासून मनात होतं.

त्या काळ्या रेकॉर्डमध्ये आपल्या देशाचा वाटा आहे, हे मला इथं आल्यावर कळलं. ७८ ची रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड. तिचा माल म्हणजे दगडाची पूड, काजळी आणि ते सगळं धरून ठेवणारी लाख. लाखेचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून, छोटा नागपूरकडच्या कुसुम-पळसाच्या झाडांवरून व्हायचा. महायुद्धात तो अडला, तसा १९४२ साली अमेरिकन सरकारनं रेकॉर्डसाठीचा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कापला. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी मोडीत आणून द्या, असा प्रकार सुरू झाला. त्या मोडीत काय काय वितळलं असेल याचा विचार केला की आजही जीव कासावीस होतो.

त्याच सुमारास, १९४४ मध्ये, जेम्स मॅक्यून नावाच्या माणसाला न्यूयॉर्कच्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात पॅटनची रेकॉर्ड मिळाली. ब्रुकलिनमधल्या वसतिगृहाच्या एका खोलीत राहणारा हा माणूस. त्यानं ऐकली आणि मित्रांना ऐकवली. ब्लूज गिटारच्या संग्राहकांची परंपरा तिथून चालत आली असं पुष्कळ जण मानतात. पुढच्या पिढीतला गेल डीन वॉर्डलो साठच्या दशकात मिसिसिपीत दारोदार फिरून विचारायचा, जुन्या रेकॉर्ड आहेत का? आणि टॉम हॉस्किन्सची गोष्ट तर मी इथल्या मराठी मंडळींना कितीदा ऐकवली असेन. मिसिसिपी जॉन हर्टनं १९२८ साली काही गाणी मुद्रित केली आणि तो गावी परतला. नंतर त्याचा पत्ता कुणालाच नाही. त्याच्या एका गाण्यात तो आपल्या गावाचं नाव घेतो, ॲव्हलॉन. हॉस्किन्सनं जुन्या नकाशात ते गाव शोधलं आणि १९६३ ला तिथं जाऊन विचारलं. हर्ट तिथंच होता, गुरं राखत होता आणि गिटार तितकीच गोड वाजवत होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांनी त्याला ऐकलं. एका संग्राहकानं रेकॉर्ड टेपवर उतरवून दुसऱ्याला दिली नसती तर हॉस्किन्सच्या कानावर ते गाणं आलंच नसतं.

इथं रेकॉर्डवाल्यांचे मेळे भरतात. शाळेचा हॉल किंवा चर्चचं तळघर, लांब टेबलं, खोकी आणि माना खाली घालून रेकॉर्ड चाळणारी माणसं. माझी ओळख झाली ती एका निवृत्त पोस्टमनशी. वय ऐंशीच्या पुढं, बोलणं कमी. रेकॉर्ड कशी बघायची ते मी त्यांच्याकडून शिकलो. दोन्ही तळव्यांच्या मध्ये कडेनं धरायची, बोट खाचांना लागता कामा नये. खिडकीच्या उजेडात तिरपी करायची. खाचा चमकल्या तर बरी, राखाडी दिसल्या तर पोलादी सुईनं खाल्लेली. ती सुई एका बाजूसाठी एक अशी असायची, पण लोक एकाच सुईवर महिना काढायचे आणि सुई खाचा तासून टाकायची. मग नखानं कडेला हलकी टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर धड, बद आला तर कुठंतरी केसासारखी चीर आहे. गाडगं घेताना आपल्याकडं बायका वाजवून बघतात, तसंच.

पैशाचा बाजारही आहे. टॉमी जॉन्सनची एक पॅरामाउंट रेकॉर्ड २०१३ साली सदतीस हजार डॉलरच्या वर गेली. पण आमच्या पोस्टमनसाहेबांसारखी जुनी माणसं विकण्यापेक्षा बदलाबदलीवर विश्वास ठेवतात, आणि मला तेच पटतं. पैसे देऊन घेतलेल्या रेकॉर्डबरोबर पावती येते. बदल्यात घेतली की ती आधी कुणाकडं होती, कुठल्या घरात सापडली, ही सगळी हकिकत येते. ती हकिकत पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवायची हा त्यांचा दंडक.

जॅझ गिटारवाल्यांत मैफलींच्या खासगी ध्वनिमुद्रणांची देवाणघेवाण जास्त. याचा मूळपुरुष म्हणजे जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी. १९४१ मध्ये तो न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन जायचा. तिथं चार्ली ख्रिश्चन रात्री उशिरा गिटार वाजवायचा. विजेची गिटार तेव्हा नवी होती. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात त्याला एका तुकड्यापुरतीच जागा मिळायची, इथं तो आवर्तनामागून आवर्तनं वाजवत सुटायचा. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये क्षयानं तो गेला, अवघा पंचवीस वर्षांचा. न्यूमननं यंत्र उचलून नेलं नसतं तर ख्रिश्चन मोकळा सुटल्यावर कसा वाजवायचा हे जगाला कळलंच नसतं.

पुढं स्पूल, म्हणजे टेपची रिळं, आले, कॅसेट आल्या, आता फाइली आल्या. नियम तेच राहिले. कोऱ्या कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा, नफा घ्यायचा नाही. दुकानात मिळतं ते विकतच घ्यायचं, त्याची नक्कल फिरवायची नाही. मूळ टेप कुणाची, कुठल्या यंत्रावरून उतरवली, मध्ये किती हात लागले हे सगळं सोबत लिहायचं. आवाज दाबून लहान केलेली फाइल तर कुणी दारात उभीसुद्धा करत नाही.

आता कोल्हापूरची गोष्ट.

मंगळवार पेठेत आमचे एक चुलत काका राहतात. त्यांच्या माडीवर लाकडी कपाटात ७८ च्या रेकॉर्ड आहेत आणि पत्र्याच्या पेटीत स्पूल. गाण्यातलं जयपूर घराणं म्हणजे त्यांचा श्वास. या घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब तर पुढंही इथंच राहिले. काकांच्या वडिलांनी अशा लोकांच्या शिष्यांना समोर बसून ऐकलेलं. अल्लादियाखाँसाहेबांची मात्र रेकॉर्ड नाही. काका हे सांगताना अजूनही आवाज खाली आणतात.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी चार जाणकार माणसं बोलावली. त्यांत देवल क्लबात शिकलेले एक गुरुजी होते. मी ब्लाइंड विली जॉन्सनची १९२७ साली डलासला मुद्रित झालेली रेकॉर्ड लावली. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि तारेवरून घसरत जाणारी गिटार. पहिल्यांदा कुणीच बोललं नाही. गुरुजी म्हणाले, "परत लाव रं." दुसऱ्यांदा ते हातानं स्वर दाखवत होते. "बघा, गळा अर्ध्यात सोडतोय आणि उरलेली मींड गिटार घेतीया. सारंगीवाला साथ करतो तशी न्हाई ही. एकच माणूस हाय हा, गळा आणि हात वेगळे न्हाईतच त्येचे." इतकं नेमकं बोलणं मी मिलवॉकीतही ऐकलं नव्हतं.

मग मी सांगितलं की १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात हे गाणं आहे. आणि त्याच तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाईंचं काकांना ठाऊकच होतं, विली जॉन्सनचं नव्हतं. अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या आणि टेक्सासचा आंधळा गिटारवाला, दोघं एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या बाहेर चाललेत! ती भैरवीची रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळत नव्हती. तबकडी तयार करणाऱ्यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं आणि शेवटी एका भारतीय दुकानात ती सापडली. व्हॉयेजर-१ हे यान त्या वर्षी सप्टेंबरच्या ५ तारखेला सुटलं, केसरबाई १६ तारखेला गेल्या.

काका बराच वेळ गप्प होते. मग पत्र्याची पेटी पुढं ओढली आणि म्हणाले, "ह्यातलं तुला काय न्यायचं ते बोल."

स्पूल मी आणले नाहीत. ते तिथंच राहावेत, उतरवून घ्यावेत आणि ज्यांचं गाणं आहे त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं देऊ नयेत, असं ठरलं. गुरुजींचा नातू संगणकातला आहे, त्यानं काम हाती घेतलंय. पावसाळ्यात आपल्याकडं बुरशी फार, म्हणून ज्यांच्या घरी ७८ च्या रेकॉर्ड आहेत त्यांच्यासाठी इथं शिकलेलं सांगतो. त्या उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका. धुवायच्या तर शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश, मधला कागद कोरडा ठेवून. स्पिरिट अजिबात नको, स्पिरिटात लाख विरघळते. एलपीची सुई यांना चालत नाही, खाच जवळपास तिप्पट रुंद असते. आणि भंगारवाल्याला देण्याआधी कृपा करून एकदा कुणा जाणकाराला दाखवा.

काकांनी मागितली ती एडी लँग आणि लॉनी जॉन्सन यांच्या जोडवादनाची रेकॉर्ड. १९२८-२९ सालची ही ओके कंपनीची रेकॉर्डिंग. एक गोरा, एक काळा, म्हणून कंपनीनं लँगचं नाव लपवून 'ब्लाइंड विली डन' छापलं. वाजवताना मात्र दोघांत कसला पडदा नाही. एक साथ धरतो, दुसरा बोलतो. काका मोबाइलवर ऐकून खुळे झालेत आणि आता त्यांना ती लाखेचीच हवी आहे.

पोस्टमनसाहेबांकडं एक आहे, कडेला छोटा टवका, खाचा स्वच्छ. बदल्यात त्यांनी केसरबाईंची ७८ ची मागितली. काकांकडं एकच रेकॉर्ड दोनदा आहे, त्यातली चांगली देतो म्हणाले. मी म्हटलं, काका, चांगली तुम्ही ठेवा. ऐकायला तयार नाहीत. "देयाची तर चांगली देयाची," म्हणे. दिवाळीला इथला एक इचलकरंजीचा मित्र घरी चाललाय. जाताना ओकेची रेकॉर्ड, येताना केसरबाई. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, मध्ये हलणार नाही अशी चिकटपट्टी, आणि सामानात न टाकता हातातल्या बॅगेत, हे त्याच्याकडून मी दोनदा वदवून घेतलंय.