काहीतरी तापल्याचा वास

परवा दुपारी लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढलेल्या एका गृहस्थांनी आधी छतातल्या पंख्याकडे पाहिले, मग बटणांच्या पट्टीजवळ नाक नेले आणि पुढचाच मजला दाबून मला म्हणाले, "उतरा ताई, कुठेतरी वायर तापलेली दिसते." तो माझा परफ्युम आहे, असे मी सांगितले. त्यांनी मला एकदा आपादमस्तक न्याहाळले, सौजन्याने मान डोलावली आणि तरीही ते पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने गेले.

त्यांना दोष देता येत नाही. मी लावते तो परफ्युम म्हणजे कॉम दे गार्सों या फॅशनसंस्थेने २००० साली काढलेला 'ओदर ७१'. त्याआधी १९९८ साली त्यांनी 'ओदर ५३' काढला होता आणि त्यात वाऱ्यावर वाळणारे कपडे व जळके रबर एकत्र नांदत होते. ७१च्या वर्णनात तापलेल्या दिव्यावरची धूळ, फोटोकॉपी यंत्राचा टोनर, गरम धातू, फाउंटन पेनची शाई, पेन्सिलीची साले अशी नावे येतात. बाटलीत अर्थातच धूळ किंवा टोनर नसतो. रसायनांच्या मेळातून तसा भास उभा केलेला असतो. धुळीच्या त्या एका नावापाशी मी अडकले आणि बाटली मागवली.

ती धूळ माझ्या ओळखीची होती. आमच्याकडे व्हॉल्वचा जुना रेडिओ होता, लाकडी पेटीचा, मागच्या बाजूला भोके पाडलेला पुठ्ठा बसवलेला. बटण फिरवले की आधी नुसता पिवळा दिवा लागे, आवाज नाही. व्हॉल्व तापेपर्यंत थांबावे लागे. वडील पुढे बसून काटा सरकवत आणि मी पेटीमागे जाऊन त्या भोकांना नाक लावून बसत असे. काचेच्या नळ्यांच्या पोटातली तार हळूहळू लाल होताना दिसे आणि निवेदकाचा पहिला शब्द येण्याआधी वास येई : भाजलेली धूळ, वार्निश, थोडे मेण आणि तापल्या पुठ्ठ्याचा कोरडा गोडसरपणा. "पुढे ये, शॉक बसेल," असे वडील मागे न वळता म्हणत. त्यानंतर ज्या बातम्या लागत, त्यांतली एकही मला आठवत नाही.

गुलाबाचा किंवा चंदनाचा वास आला, की तो कोणी लावला आहे एवढेच लोक पाहतात. खोलीत गुलाबाचे झाड शोधायला कोणी उठत नाही. माझ्या बाबतीत उलटे होते. मी समोर बसलेली असते आणि शोध मात्र माझ्या आसपासच्या वस्तूंचा चालतो. ग्रंथालयात फोटोकॉपी यंत्राचे झाकण उघडून पाहिले जाते, टॅक्सीचालक गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडतो. असले विचित्र वास लावणारे लोक चारचौघांत उठून दिसायला धडपडतात, असा एक आरोप नेहमी होतो. मला तर या बाटलीइतके अदृश्य दुसऱ्या कशाने केलेले नाही. (आणि मोगऱ्याच्या अत्तरात घमघमत येऊन माझ्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांसाठी : मोगऱ्याच्या सुगंधात इंडोल नावाचे रसायन असते आणि ते विष्ठेतही असते. पुढचे मी बोलत नाही.)

मग हे सगळे लावायचे तरी कोणासाठी? स्वतःसाठी म्हणावे, तर सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे नाक लवकरच सोडून देते. अर्ध्या तासानंतर मनगट नाकाशी नेल्याशिवाय मला काही जाणवत नाही. २००६ साली परफ्युमकार गेझा शोन यांनी आयसो ई सुपर या एकाच रसायनाचा 'मॉलिक्यूल ०१' काढला. तो पुष्कळदा लावणाऱ्याला येतच नाही आणि शेजारच्याला येतो. ते जरा फारच झाले, पण थोड्याफार फरकाने सगळ्याच परफ्युमचे असे होते. हौस माझी आणि ती भोगायची दुसऱ्यांनी, तीही नाकाला मिटता येणारी पापणी नसताना. म्हणून एकच फवारा, तोही बाहीच्या आत, आणि आजारी माणसाला भेटायला जाताना तेवढाही नाही, असा माझा नियम आहे.

ऑफिसात मात्र हा नियम अपुरा पडला. तिथे माझा वास सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. मागे एकदा मी रजेवर होते आणि दुसऱ्या दिवशी कळले, की प्रिंटरच्या प्लगाचे प्लास्टिक काळे पडेपर्यंत कोणीही जागचे उठले नव्हते, कारण मी आले असेन असेच प्रत्येकाला वाटले होते. कोणाला काही झाले नाही, सगळे खूप हसले, मीही हसले. त्यानंतर ऑफिसला जाताना मी लिंबाच्या वासाचे साधे कोलोन लावते.

'ओदर ७१' आता फक्त सुट्टीच्या दिवशी. घरच्यांना मी त्याचे कूळ सांगितलेले नाही. वास आला की ते अजून उठून मीटरची पेटी उघडून पाहतात आणि त्यांची ही सवय मोडावी, असे मला वाटत नाही.