वीरच्या पुढची दुसरी लाइन

मे महिन्यात आईला घेऊन मी मुंबईहून कणकवलीला निघाले होते. रत्नागिरी मागे पडून अर्धा तास झाला असेल, तोच गाडीचा वेग मंदावला आणि एका लहानशा स्थानकात ती लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळालगतच्या जादा रुळावर, जाऊन थांबली. समोरच्या बाकावरच्या काकांनी खिडकीतून एकदा सिग्नलकडे पाहिले आणि आईला सांगितले, “क्रॉसिंग असा. समोरसून एक्स्प्रेस येतली, मगे आपली सुटतली.” एक्स्प्रेस आली आणि निघून गेली, पण आमचा सिग्नल लालच राहिला, कारण मागून येणाऱ्या आणखी एका जलद गाडीला आधी पुढे काढायचे होते. पन्नास मिनिटे आम्ही तिथे होतो. स्टेशनमास्तर हिरवा बावटा घेऊन दोन्ही गाड्यांसाठी फलाटाच्या टोकाशी उभे राहिले आणि दोन्ही वेळा पुन्हा आत गेले. यात कोणाचीही चूक नव्हती. गाड्या तीन होत्या आणि रूळ एकच होता.

कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटरचा आहे. त्यातला रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा ऑगस्ट 2021 मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातून जाणारा जवळजवळ सगळा मार्ग आजही एकेरीच आहे. अशा मार्गावर नवी जलद गाडी सुरू झाली की तिची वाट मोकळी ठेवण्यासाठी कोणती ना कोणती जुनी गाडी लूपवर उभी करावी लागते. जून 2023 मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली, त्याआधी तेजस आली होती, जनशताब्दी तर बरीच आधीपासून आहे. या गाड्या हव्यातच. पण त्यांनी वाचवलेला वेळ बऱ्याच अंशी दिवा–सावंतवाडीसारख्या, प्रत्येक गावाला थांबणाऱ्या गाडीतल्या माणसांच्या पदरातून जातो, आणि ती माणसे सहसा सर्वांत कमी उत्पन्नाची असतात. ‘गाड्या वाढवा’ ही मागणी गणपतीच्या तोंडावर दरवर्षी होते. रूळ वाढवा, ही मागणी त्या मानाने फार क्षीण आवाजात होते, याची मला मनापासून खंत वाटते.

हा मार्ग एकेरी का राहिला, हे समजून घ्यायचे तर तो कोणत्या पैशातून उभा राहिला ते पाहावे लागते. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीवर विसंबून राहिले असते, तर कोकणात गाडी यायला आणखी एक-दोन पिढ्या गेल्या असत्या. म्हणून 1990 मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री असताना, स्वतंत्र महामंडळाची वाट काढण्यात आली. भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15 आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी 6 टक्के ठरला. उरलेला मोठा खर्च रोखे विकून, म्हणजे बाजारातून कर्ज काढून भागवला गेला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल बांधून 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. ते काम थोर होते यात शंका नाही. मात्र कर्जावर उभ्या राहिलेल्या मार्गाला दुसऱ्या रुळाची चैन परवडणारी नव्हती, आणि त्या वेळी घेतलेला तो समंजस निर्णय पुढे कायमचा होऊन बसला.

कर्ज फेडायचे तर उत्पन्न हवे, म्हणून या मार्गावर प्रवासी भाड्यासाठी अंतर प्रत्यक्षापेक्षा 40 टक्क्यांनी वाढवून धरले जाते. शंभर किलोमीटर प्रवास करणाऱ्याने 140 किलोमीटरचे भाडे भरायचे, असा त्याचा अर्थ. चाकरमान्यांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट ठाऊक आहे; मला स्वतःलाही ती बऱ्याच उशिरा कळली. पहिली गाडी धावल्यापासून पाव शतकाहून अधिक काळ कोकणातल्या आणि कोकणातून केरळपर्यंत जाणाऱ्या प्रवाशांनी या मार्गाचे कर्ज आपल्या तिकिटातून फेडायला हातभार लावला आहे. कोकणासाठी अर्थसंकल्पातून पैसा मागताना आपण दान मागतो आहोत, असे कोणालाही वाटण्याचे कारण नाही, ते यामुळे.

महामंडळाच्या हाती जो पैसा येतो, त्यावर पहिला हक्क सुरक्षिततेचा असतो आणि तो असलाच पाहिजे. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ झालेले अपघात इथल्या कोणत्याही घराने विसरलेले नाहीत. कापलेल्या डोंगरांच्या उतारांवर लोखंडी जाळ्या, पावसाळ्यात रात्रंदिवस रूळ चालून पाहणारे गस्तवाले, कमी वेगाचे पावसाळी वेळापत्रक, हे सर्व त्यानंतरच्या शहाणपणातून आले. 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरणही पूर्ण झाले. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे अशी क्रॉसिंगची नवी स्थानके उभी राहिली, त्यामुळे दोन स्थानकांमधले अंतर घटले आणि खोळंबा काहीसा कमी झाला. उपलब्ध साधनांत जे करता येते ते पुष्कळसे झाले आहे. कारबुडेसारख्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याला समांतर दुसरा बोगदा खणणे मात्र कोणत्याही महामंडळाच्या तिकीटविक्रीतून साधणारे नाही. त्यासाठी सरकारी तिजोरीतूनच भांडवल यावे लागते.

आणि तिजोरीत पैसा नाही, असेही नाही. 2025–26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी 2 लाख 52 हजार कोटी रुपयांची तरतूद होती आणि महाराष्ट्रातील रेल्वेकामांच्या वाट्याला 23,778 कोटी रुपये आल्याचे जाहीर झाले. पुणे–मिरज मार्गाचे सुमारे 280 किलोमीटरचे दुहेरीकरण अशाच पैशातून हाती घेतले गेले. तो मार्ग भारतीय रेल्वेच्या एका विभागाचा, म्हणून तिथे पैसा थेट जातो. आमचा मार्ग महामंडळाचा, म्हणून इथे आधी ‘हे तुम्हाला परवडते का’ असा प्रश्न येतो. पुण्याहून मिरजेला जाणारा आणि मुंबईहून कुडाळला जाणारा, दोघेही एकाच देशाचे करदाते आहेत, मग हा फरक कशासाठी?

विलीनीकरणाचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. इतर भागीदार राज्यांपाठोपाठ मे 2025 मध्ये महाराष्ट्रानेही कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. ती देताना राज्याने दोन गोष्टी मागितल्या: ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेली, चारशे कोटींच्या आसपासची रक्कम परत मिळावी. नावाशी आमच्या भावना जोडलेल्या आहेत, त्यामुळे पहिल्या अटीचा मला आनंदच झाला. दुसरीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ती रक्कम राज्याच्या तिजोरीत परत जाऊन दिसेनाशी होण्याऐवजी याच मार्गावरच्या फलाटांवर आणि लूप लाइनांवर खर्च व्हावी, असा आग्रह राज्याने धरायला हवा होता. राज्याने मध्यंतरी कोकणातल्या काही स्थानकांच्या दर्शनी भागांचे सुशोभीकरण केले. कमानी खरोखरच देखण्या झाल्या आहेत. परवा त्यांतल्याच एका स्थानकावर उतरताना फलाट इतका खाली होता की आईला दोन अनोळखी मुलांनी दोन्ही हात धरून खाली घेतले. सावंतवाडीच्या टर्मिनसचे भूमिपूजन 2015 मध्ये झाले, ते कामही अजून पूर्णत्वाला गेलेले नाही.

संपूर्ण मार्ग एका दमात दुहेरी करा, असे मी म्हणत नाही. वीरच्या पुढे खेड, चिपळूणवरून रत्नागिरीपर्यंतचा टापू बोगद्यांमुळे सर्वांत खर्चीक आहे, पण मुंबईकडची गर्दीही त्याच टापूत सर्वांत जास्त आहे. त्या मानाने कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हा प्रदेश सपाट आहे. तिथे काम लवकर उरकेल आणि दक्षिणेकडच्या गाड्यांनाही श्वास घ्यायला जागा मिळेल. दोन्हीकडून एकाच वेळी सुरुवात करावी आणि विलीनीकरणाच्या कागदपत्रांत या दोन टापूंची कालमर्यादा तिसरी अट म्हणून लिहून घ्यावी. वाढीव अंतराचे भाडेही त्याच वेळी रद्द झाले पाहिजे.

अर्थसंकल्पानंतर रेल्वेचे पिंक बुक येते. कोणत्या कामाला त्या वर्षी किती रुपये मिळाले, हे त्यात ओळीओळीने छापलेले असते. भाषणांत काहीही सांगितले गेले तरी त्या पुस्तकात रक्कम दिसल्याशिवाय रूळ पडत नाही, हे आता मला कळले आहे. येत्या फेब्रुवारीत मी त्यात वीरच्या पुढच्या स्थानकांची नावे शोधणार आहे.