सोप्याच्या ३ पायऱ्या

आज सकाळी डिचोलीच्या घरी बाबा हात न टेकता खुर्चीतून उठले. सलग ५ वेळा! पक्षाघातानंतर सगळा भार उजव्या पायावरच असायचा, डावा पाय जणू आपला नाहीच. फिजिओथेरपिस्टनी आधी ओट्याला धरून नुसतं डावीकडे-उजवीकडे भार टाकायला शिकवलं. मला ते फारच किरकोळ वाटलं होतं. पण मेंदू नव्या वाटा शोधतो तो अशाच शेकडो आवर्तनांतून.

मग सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, ३ पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. मी डाव्या बाजूला, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून. तुळशीपाशी पोचल्यावर बाबा म्हणाले, "सोड गो आता."

पट्टा सोडला नाही. मूठ मात्र सैल केली.